अधिक श्रावणातली पंचमी: नाशिकच्या एका आजीबाईंचे आयुष्य आणि मृत्यू कागदांतून कसा उलगडला

नाशिकच्या भांडी बाजाराजवळचा एक जुना वाडा पाडायचा ठरला, तेव्हा माळ्यावरून पितळी डबे, दोन मोडके भाते, तांबटकामाच्या ऐरणी आणि बासनात बांधलेल्या नऊ वह्या खाली आल्या. त्यामुळे घरातल्या मंडळींनी वंशावळ पुरी करायला घेतली आणि पहिल्याच अडथळ्याला थांबावे लागले. खापरपणजीच्या नावापुढे मृत्यूच्या तीन तारखा जमल्या होत्या. पुण्याच्या चुलत घराण्याने छापलेल्या वंशावळीत ४ सप्टेंबर १९०९ होती. नगरपालिकेच्या जुन्या मृत्यू नोंदवहीच्या नकलेत ६ ऑगस्ट १९०९ होती. तिसरी घरातल्याच एकाने तिथी आणि वार जुळवून काढली होती, ५ ऑगस्ट. वयाबद्दल सगळ्यांचे एकमत होते, ऐंशी, पण तेच सगळ्यांत चुकीचे निघाले.

कुटुंबाच्या इच्छेप्रमाणे येथे नाव, आडनाव आणि गाव दिलेले नाही. त्यांना आजीबाई म्हटले आहे. असे प्रश्न नाशिकच्या अनेक घरांत आहेत आणि ते सोडवायची साधनेही याच शहरात आहेत, म्हणून हे प्रकरण तपशिलाने मांडले आहे.

घरात काय ठाऊक होते

तोंडी माहिती एवढीच होती. आजीबाई तांबटाच्या घरात दिल्या होत्या. नवरा दुष्काळाच्या साली गेला. त्यानंतर मुलाच्या आणि सुनेच्या हाताखाली न राहता घर त्यांनीच चालवले. त्या ‘जॅक्सनच्या वर्षी’ श्रावणात वारल्या. त्यांचे श्राद्ध श्रावण वद्य पंचमीला होते, अजूनही होते. आणि घरातला प्रत्येक जण सांगतो, ‘प्लेगात गेल्या.’

‘जॅक्सनचे वर्ष’ ही खूण मोलाची आहे. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्यावर अनंत कान्हेरे यांनी विजयानंद नाट्यगृहात गोळ्या झाडल्या त्या २१ डिसेंबर १९०९ रोजी. त्या दिवशी शके १८३१, सौम्य संवत्सर चालू होते. म्हणजे त्या वर्षाचा श्रावण हा १९०९ चाच. घरातल्या आठवणींत सन कधीच नसतो, पण अशी एखादी खूण असते. माणसाला ‘कोणत्या साली?’ असे विचारले की तो अंदाज ठोकतो. ‘तेव्हा गावात काय झाले होते?’ असे विचारले की बहुतेक वेळा खरे उत्तर येते.

मृत्यू नोंदवही

शहरातल्या जुन्या मृत्यूंच्या नोंदी नगरपालिकेच्या, म्हणजे आजच्या महापालिकेच्या, जन्म-मृत्यू नोंदणी विभागात शोधाव्या लागतात. खेड्यात मृत्यू झाला असेल तर गाव नमुना १४, म्हणजे लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात ते, तहसील कार्यालयात पाहावे लागते. अर्जात एकच वर्ष लिहून चालत नाही. एक वर्ष मागचे आणि एक पुढचे असे मागावे. नोंद सापडली नाही तर नमुना क्रमांक १० चे अनुपलब्धता प्रमाणपत्र हातात पडते आणि बरेच जण तेथेच शोध सोडतात. खरे तर पुष्कळदा नोंद असते, ती चुकीच्या पानावर शोधलेली असते.

त्याचे कारण साधे आहे. नोंदवही लिहिली गेली ती खबर मिळाल्याच्या क्रमाने, मृत्यूच्या क्रमाने नव्हे. आजीबाईंची नोंद ६ ऑगस्टच्या मृत्यूंत नव्हती. ती ९ ऑगस्ट, सोमवारच्या पानावर होती आणि मृत्यूची तारीख वेगळ्या रकान्यात ६ अशी होती. संभाव्य तारखेनंतर निदान पंधरा दिवसांची पाने वाचायचीच, असा नियम ठेवला तर अशा नोंदी निसटत नाहीत.

दुसरी अडचण नावाची. घरात त्यांचे जे नाव सांगतात ते नोंदवहीत नव्हते. तेथे होते सासरचे नाव, पुढे ‘कोम’ आणि नवऱ्याचे नाव. ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको, ‘बिन’ किंवा ‘वलद’ म्हणजे अमक्याचा मुलगा. हे शब्द मोडीत घाईने लिहिलेले असले की नवशिक्याला ते नावाचाच भाग वाटतात. घरात चालणारे नाव नातवंडांनी पाडलेले होते, त्याला कोठेही कागद नाही. त्यामुळे बाईमाणसाची नोंद शोधताना नवऱ्याचे नाव धरून रकाना वाचावा, तिचे नाव मागाहून जुळवावे.

नोंदीत वय ८०, कारण ‘ताप’, राहण्याचे ठिकाण वाड्याची गल्ली, खबर देणारा ‘शेजारी’. या शेवटच्या शब्दाकडे सहसा कोणी पाहत नाही. घरात सुतक असल्यामुळे मुलगा गेला नाही आणि शेजाऱ्याने जाऊन सांगितले. शेजाऱ्याला दिवस नक्की ठाऊक असतो, पण वय नसते. त्याने म्हातारी बाई म्हणून ‘ऐंशी’ सांगितले आणि कारकुनाने ते लिहिले. त्या काळच्या जनगणनांतही वये शून्यावर आणि पाचावर गोळा झालेली दिसतात, विशेषतः म्हाताऱ्या माणसांची. जुन्या नोंदीत साठ, सत्तर, ऐंशी वाचले की त्याचा अर्थ ‘बरेच वय’ एवढाच घ्यावा.

तीर्थोपाध्यायांच्या वहीत

रामकुंडावर अस्थी घेऊन येणाऱ्या घराण्याची नोंद पंचवटीतले तीर्थोपाध्याय आपल्या वहीत करतात. कोण आले, कोणाच्या अस्थी, बरोबर कोण, घरात कोण कोण, मूळ गाव कोणते, आणि खाली आलेल्याची सही किंवा अंगठा. पिढ्यान्‌पिढ्या हे काम चालू आहे. वह्या लांबट असतात, बासनात बांधलेल्या असतात आणि उपाध्यायांच्या घरांत वारसाहक्काने वाटल्या गेलेल्या असतात. एकाच गावाच्या वह्या दोन भावांत गेल्या असतील तर अर्धी वंशावळ एका ओसरीवर आणि अर्धी दुसऱ्या ओसरीवर, असेही होते.

या कुटुंबाने आधी दोन वेळा हेलपाटा घातला होता. दोन्ही वेळा त्यांनी ‘आम्ही नाशिकचेच’ असे सांगून नाशिक शहराच्या नोंदी काढायला लावल्या. तेथे काही नव्हते. वही लागते ती मूळ गाव, जात आणि आडनाव यांवरून. घराणे नाशकात शंभर वर्षे राहिले तरी उपाध्यायांच्या लेखी ते सिन्नर तालुक्यातल्या त्या मूळ गावचेच. कुलदैवताच्या निमित्ताने ते गाव घरात सगळ्यांना पाठ होते, पण वहीसाठी ते सांगायचे असते हे कोणाला सुचले नाही. मूळ गाव सांगितल्यावर वही पंधरा मिनिटांत सापडली.

जाताना चार पिढ्यांतल्या पुरुषांची नावे कागदावर लिहून न्यावीत. अमावास्या, पितृपक्ष आणि पर्वणीचे दिवस टाळावेत, तेव्हा उपाध्यायांना मान वर करायला फुरसत नसते. पानाचे छायाचित्र विचारूनच काढावे. आणि मोडी वाचणारे माणूस बरोबर असावे. ही शेवटची गोष्ट सोडली तर बाकी सगळे करूनही फसगत होते, ती येथे झालीच होती. कोणी तरी फार पूर्वी त्या पानाची बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, नक्कल करून घेतली होती. पुण्याच्या घराण्याची वंशावळ त्याच नकलेवरून छापली गेली. नकलेत आहे: ‘शके १८३१ श्रावण व॥ ५’. मूळ पानावर आहे: ‘शके १८३१ सौम्यनाम संवत्सरे अ॥ श्रावण व॥ ५ गुरुवासरे रात्रौ’.

मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढतात, मग बोरू न उचलता त्या रेघेखाली अक्षरे लटकवत जातात. शब्दांत जागा सुटत नाही, विरामचिन्ह नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. ‘अ॥’ हे संक्षेपाचे चिन्ह आधीच्या ‘संवत्सरे’ या शब्दाला इतके चिकटून आले आहे की नक्कल करणाऱ्याने ते त्या शब्दाची शेपटी समजून सोडले. ‘गुरुवासरे रात्रौ’ त्याने बहुधा अनावश्यक म्हणून गाळले. त्या एका अक्षराने आणि दोन शब्दांनी पुढे महिन्याभराचा घोळ घातला.

तारीख कशी ठरली

‘अ॥’ म्हणजे अधिक. शके १८३१ मध्ये श्रावण दोन होते, आधी अधिक, मग निज, म्हणजे नेहमीचा. अधिक महिना साधारण एकोणीस वर्षांनी त्याच नावाने परत येतो. १९०९ नंतर १९२८, १९४७, १९६६, १९८५, २००४ आणि २०२३ या सगळ्या वर्षी अधिक श्रावणच होता. ही मालिका लक्षात असली तर जुनी तिथी हातात पडताच शंका येते. कोणत्याही शकाची तिथी तारखेत बदलण्याआधी त्या वर्षी अधिक महिना होता का आणि कोणता, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊच नये.

घरात मात्र ‘अधिक’ हा शब्द टिकत नाही. अधिक श्रावणात गेलेल्या माणसाचे श्राद्ध पुढच्या वर्षी साध्या श्रावणातच येते, कारण त्या वर्षी एकच श्रावण असतो. दोन-तीन वर्षांत सगळे ‘श्रावण वद्य पंचमी’ एवढेच म्हणू लागतात. तिथी बरोबर जपली जाते, महिना एकाने सरकतो.

आता तिन्ही तारखा ताडून पाहता येतात. निज श्रावण वद्य पंचमी आली ४ सप्टेंबर १९०९ ला, तो शनिवार. पुण्याच्या वंशावळीतली तारीख ही अशी निघाली. त्यांनी गणित बरोबर केले होते, पण नक्कल अपुरी होती. मूळ पानावर गुरुवार आहे, म्हणून ही तारीख बाद.

अधिक श्रावण वद्य पंचमी सूर्योदयाला होती ६ ऑगस्टला, तो शुक्रवार. नोंदवहीची तारीख हीच. मग गुरुवार कोठून आला? घरातल्या ज्याने ५ ऑगस्ट काढली त्याने वाराला धरून ठेवले, कारण ५ ऑगस्ट हा गुरुवार. पण ५ तारखेला सूर्योदयाला चतुर्थी होती, पंचमी नव्हती. आणि मग नोंदवही चूक ठरवावी लागते. तारीख धरली तर वार जातो, वार धरला तर तारीख जाते. अशा वेळी कागदांपैकी एकाला खोटे ठरवण्याचा मोह होतो. तसे करायची गरज नव्हती.

गुरुवारी ५ ऑगस्टला संध्याकाळच्या सुमारास चतुर्थी संपून पंचमी लागली आणि ती शुक्रवारी दुपारपर्यंत होती. श्राद्धाची तिथी धरतात ती मृत्यूच्या वेळी चालू असलेली, त्या दिवसाच्या सूर्योदयाची नव्हे. पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो, इंग्रजी तारीख मध्यरात्री बदलते. तेव्हा गुरुवारची मध्यरात्र उलटल्यावर आणि शुक्रवारचा सूर्य उगवण्याआधी माणूस गेला, तर उपाध्यायांच्या वहीत ‘गुरुवासरे रात्रौ’ येईल, तिथी पंचमी येईल आणि सरकारी नोंदवहीत तारीख ६ येईल. तिन्ही नोंदी एकाच वेळी खऱ्या ठरतात त्या फक्त या चार-सहा तासांत. आजीबाई ६ ऑगस्ट १९०९ रोजी पहाटेच्या अंधारात गेल्या.

येथे आणखी दोन खड्डे आहेत, ते या प्रकरणात टळले एवढेच. शकात ७८ मिळवले की सन येतो, पण जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या तिथ्यांना ७९ मिळवावे लागतात. मृत्यू पौष-माघातला असेल तर बहुतेक वंशावळींत एक वर्ष चुकलेले सापडते. दुसरे असे की, आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेकडचा पौर्णिमेला. तिथीची तारीख काढून देणाऱ्या अनेक साधनांत उत्तरेकडची पद्धत निवडलेली असते आणि त्यांत ‘श्रावण कृष्ण पंचमी’ घातली की आपल्या आषाढ वद्य पंचमीची तारीख मिळते. तिथी तीच दिसते, म्हणून संशयही येत नाही. वार लिहिलेला असेल तर तो अशा वेळी सोन्यासारखा. वार जुळल्याशिवाय तारीख लिहू नये.

दुकानाच्या वहीतले आठ दिवस

माळ्यावरच्या नऊ वह्यांपैकी एक शके १८३१ ची निघाली. भांड्यांच्या दुकानाचा रोजमेळ, पण घरखर्चही त्यातच. डाव्या बाजूला जमा, उजव्या बाजूला खर्च, वर तिथी आणि वार. मुलगा लिहीत असे, अक्षर बसके आणि दाबून काढलेले. आजीबाईंचे नाव वहीत कोठेही नाही. ‘आईसाठी’ असेही नाही. पण अधिक श्रावण शुद्ध द्वादशीपासून खर्चाची बाजू बदलते.

त्या दिवशी पहिल्यांदा सुंठ आणि खडीसाखर येते. दुसऱ्या दिवशी दूध अर्ध्या शेराऐवजी एक शेर. पौर्णिमेला ‘वैद्यबुवा ॥’, म्हणजे आठ आणे. वद्य द्वितीयेला पुन्हा वैद्यबुवा, बरोबर गुळवेल आणि मध. तृतीयेला दूध परत अर्धा शेर. आजीबाईंनी दूध घेणे बहुधा त्या दिवशी थांबवले. चतुर्थीला, गुरुवारी, विक्रीच्या रकान्यात दोन घागरी आणि एक तपेले आहे. म्हणजे दुकान उघडे होते, माणसे नेहमीसारखी कामाला लागली होती, त्या दिवशी जातील असे कोणाला वाटले नव्हते. त्याच पानावर शेवटी, वेगळ्या आणि अधिक काळ्या शाईत, ‘तेल दिव्यास’. रात्रभर दिवा ठेवला असणार.

शुक्रवारच्या पानावर जमेची बाजू कोरी. खर्चाला मडके, बांबू, सुतळी, कापड, तूप, गोवऱ्या आणि ‘लांकूड ९॥ मण’. पुढचे बारा दिवस विक्री नाही. तेराव्याच्या शिध्याचा खर्च ज्या पानावर आहे त्याचा मथळा ‘नि॥ श्रावण शु॥’ असा आहे. म्हणजे आजारपण आणि मृत्यू अधिक महिन्यात, तेरावा निज महिन्यात. उपाध्यायांच्या वहीतल्या त्या निसटत्या ‘अ॥’ला यापेक्षा चांगली साक्ष मिळणार नव्हती.

‘९॥’ या आकड्यावर थोडे थांबायला हवे. जुन्या हिशेबात आकड्यापुढची एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. रुपयाच्या बाबतीत चार आणे, आठ आणे, बारा आणे. घरातल्या तरुण मंडळींनी तो आकडा आधी ‘९११’ असा वाचला आणि एवढे लाकूड कसे, म्हणून वहीच खोटी ठरवायला निघाले होते. तो साडेनऊ आहे. मग प्रश्न येतो मण कोणता. मुंबईचा मण २८ पौंडांचा, रेल्वेचा आणि सरकारी पक्का मण सुमारे ८२ पौंडांचा. मुंबई मणाने साडेनऊ मण म्हणजे जेमतेम १२० किलो, तेवढ्यात चिता होत नाही. पक्क्या मणाने सुमारे ३५० किलो, हे बरोबर बसते. श्रावणात लाकूड ओले असते, म्हणून गोवऱ्या आणि तूप यांचा खर्चही नेहमीपेक्षा मोठा दिसतो. जुन्या वहीतले माप कोणते हे ठरवताना अशी कामाची कसोटी लावावी.

प्लेग की ताप

प्लेग मुंबईत १८९६ मध्ये शिरला आणि नाशिकनेही पुढची अनेक वर्षे तो सोसला. त्यामुळे १९०० च्या आसपास गेलेले प्रत्येक माणूस घरोघरच्या आठवणीत प्लेगात गेलेले असते. नोंदवहीत ‘ताप’ आहे. यावर घरातल्यांचा आक्षेप असा होता की, घरे रिकामी करून धुऊन काढतील, माणसांना छावणीत नेतील, या भीतीने लोक प्लेग लपवत. हा आक्षेप रास्त आहे. पहिल्या दोन-तीन वर्षांत तसे सर्रास झाले. ‘ताप’ हा रकाना तर इतका सैल होता की मलेरिया, विषमज्वर, फुप्फुसाची सूज, सगळे त्यात जाई. कारण लिहिणारा वैद्य नव्हता, कारकून होता.

तरी या प्रकरणात प्लेग मानायला आधार नाही. आजारपण आठ दिवस चालले, प्लेगात माणूस बहुतेक त्याच्या आतच जाते. दुकान शेवटच्या दिवसापर्यंत उघडे होते. घर सोडून शेतात झोपड्या टाकायला गेल्याची खूण म्हणून बांबू, चटया, गाडीभाडे असा खर्च वहीत यायला हवा, तो नाही. शके १८२४ च्या वहीत मात्र नेमका तसा खर्च आहे. तेव्हा घर सोडले होते. त्या वर्षीची आठवण आणि आजीबाईंची आठवण नातवंडांच्या मनात एक झाली असावी. शिवाय आजीबाईंनंतर त्या महिन्यात त्या वाड्यातून दुसरा मृत्यू नोंदलेला नाही. वंशावळीत कारण लिहायचे तर ‘ताप’ एवढेच लिहावे. त्यापुढचे नाव देणे म्हणजे आपण वैद्य होऊन बसणे.

वय आणि माहेर

वयाचा उलगडा झाला तो अनपेक्षित जागी. पिंडदानात मुलगा बापाच्या बाजूच्या तीन पिढ्यांबरोबर आईच्या बाजूचेही तीन पुरुष उच्चारतो: मातामह, प्रमातामह, वृद्धप्रमातामह. मुलाने ती नावे सांगितली आणि उपाध्यायांनी ती आडनावासह लिहून ठेवली. घरात कोणालाही ठाऊक नसलेले आजीबाईंचे माहेर असे मिळाले. बायकांच्या शोधात हे पान सगळ्यांत जास्त उपयोगी पडते आणि सगळ्यांत कमी वाचले जाते. पणजीच्या माहेरचा शोध घ्यायचा तर तिच्या मुलाने केलेली नोंद काढावी, नवऱ्याने केलेली नव्हे.

त्या आडनावाची वही दुसऱ्या उपाध्यायांकडे होती. तेथे शके १७५७ च्या नोंदीत दोन मुली आहेत, शके १७६२ च्या नोंदीत तीन. तिसरी, सगळ्यांत धाकटी, ती आजीबाई. तिचे जन्मनाव तेथे आहे आणि घरातल्या लोकांनी ते पहिल्यांदाच वाचले. तान्ह्या मुलाचे नाव कधी कधी लिहीत नसत, म्हणून शके १७५७ मध्ये नाव नाही याला फार ताणू नये. पण सासरच्या वहीत शके १७६६ च्या नोंदीत त्या घरी सून नाही आणि शके १७७० मध्ये आहे. लग्न १८४४ ते १८४९ या दरम्यान झाले, आणि त्या काळी मुलीचे लग्न आठ-दहाव्या वर्षी होई. थोरल्या मुलाची पत्रिका शके १७७८ ची आहे, म्हणजे १८५६-५७. हे सगळे एकत्र धरले तर जन्म साधारण १८३६ ते १८४० मधला आणि मृत्यूच्या वेळचे वय ६९ ते ७३. ऐंशी नक्की नव्हे. शके १७५७ च्या आधीचा जन्म धरला तर पहिले जगलेले मूल बावीस-तेविसाव्या वर्षानंतर येते. अशक्य नाही, पण त्यासाठी दुसरा एखादा कागद लागेल आणि तो नाही.

नवरा गेला शके १७९९ मध्ये, ईश्वर संवत्सरात, १८७६-७८ च्या मोठ्या दुष्काळात. तेव्हा आजीबाई चाळिशीच्या आसपास होत्या आणि थोरला मुलगा विशीतला. त्यानंतरची बत्तीस वर्षे त्यांच्याबद्दल एकही सरकारी कागद बोलत नाही. वाड्याच्या मालकीच्या कागदांत नवऱ्यानंतर थेट मुलाचे नाव आहे. यावरून कोणी असा अर्थ काढला होता की त्यांना घरातून बाजूला केले होते. तसे नाही. एकत्र कुटुंबातल्या विधवेला तेव्हा हिस्सा नव्हता, पोटगी आणि राहण्याचा हक्क होता. १९३७ च्या कायद्याने त्यात बदल झाला. मिळकतीच्या उताऱ्यात बाईचे नाव नसणे हा त्या काळचा नियम होता, तिच्या घरातल्या जागेचा पुरावा नव्हे.

ती जागा दिसते रोजमेळात. शके १८०२ पासूनच्या वह्यांत तांब्याच्या पत्र्याची मोठी खरेदी असली की रकमेपुढे ‘मातोश्री विचारून’ असे तीन ठिकाणी आणि नुसते ‘मा॥ वि॥’ असे अकरा ठिकाणी लिहिलेले आहे. शेवटचे ‘मा॥ वि॥’ अधिक श्रावण शुद्ध नवमीचे आहे, सुंठ येण्याच्या तीन दिवस आधीचे. त्यानंतरच्या खरेदीपुढे काही लिहिलेले नाही.

वंशावळीची नवी प्रत करताना आजीबाईंच्या चौकटीत आता जन्मनाव, सासरचे नाव, माहेरचे आडनाव व गाव, ‘जन्म सुमारे १८३६ ते १८४०’ आणि ‘मृत्यू ६ ऑगस्ट १९०९, पहाटे, शके १८३१ अधिक श्रावण वद्य ५, गुरुवार रात्र’ असे लिहिले आहे. तारीख आणि तिथी दोन्ही ठेवल्या आहेत आणि ‘अधिक’ हा शब्द पूर्ण अक्षरांत. पुण्याच्या घराण्याला मूळ पानाचे छायाचित्र पाठवले आहे. खापरपणतूने तीर्थोपाध्यायांच्या वहीत स्वतःच्या घराची नोंद केली, मुलींची आणि सुनांची जन्मनावे घालून, आणि खाली बाळबोधीत सही केली.